गोट्यांखालची गाभोळी

सामन माशाची मादी अंडी घालण्याआधी नदीचा तळ तपासते. पोटाखालच्या पराने गोटे चाचपते, थोडं पुढे जाते, पुन्हा मागे येते. जागा पसंत पडली की कुशीवर आडवी होऊन शेपटीचे फटके मारायला लागते. शेपटी गोट्यांना फारशी लागत नाही. प्रत्येक फटक्यासरशी पाणी वर खेचलं जातं, त्या ओढीनं गोटे सुटतात आणि प्रवाह त्यांना हातभर खाली नेऊन टाकतो. खड्डा पुरेसा खोल झाला की शेजारी नर येऊन उभा राहतो. दोघं तोंड उघडून थरथरतात, अंडी आणि वीर्य एकाच वेळी खड्ड्यात पडतं. मग मादी लगेच थोडी वरच्या अंगाला सरकते आणि पुढचा खड्डा खणू लागते. त्यातून सुटलेले गोटे वाहत येऊन पहिल्या खड्ड्यावर बसतात. म्हणजे दुसऱ्याची खणाई हेच पहिल्याचं झाकण. असे चार-पाच कप्पे झाले की घरटं पूर्ण होतं आणि अंडी वीतभर किंवा त्याहून जास्त जाड थराखाली जातात.

या कामाला मोजमापाची मर्यादा आहे. साधारणपणे आपल्या लांबीच्या एक दशांश मापाच्या गोट्यांपर्यंत मासा तळ उकरू शकतो. दोन फुटांचा मासा मोठ्या लिंबाएवढ्या गोट्यांत खणेल, नारळाएवढे दगड त्याला हलणार नाहीत. उलट तळ नुसत्या वाळूचा असेल तर खड्डा खणला जाईल, पण अंडी गुदमरतील. सामनच्या नद्या हजारो मैल लांब असल्या तरी त्यांतला अंडी घालण्याजोगा तळ बराच थोडा असतो, याचं कारण हे आहे.

सामन म्हटलं की धबधब्यावर झेपावणारा मासा आणि त्याच्यासाठी तोंड वासून उभं असलेलं अस्वल डोळ्यांसमोर येतं. ते चित्र खरं आहे, पण त्याच्या वंशाचा निकाल लागतो तो त्या झेपेनंतर, गोट्यांच्या फटींत, हिवाळाभर, कुणाच्याही नजरेआड.

मराठी वाचकासाठी एक खुलासा आधीच करायला हवा. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सामन’ म्हणून विकला जातो तो रावस. रावसाचं आणि सामनचं नातं नाही. रावस उबदार समुद्रातला आणि खाड्यांतला मासा आहे. सामनच्या सवयीशी जुळणारं आपल्याकडचं काही सांगायचं तर कोकणातले चढणीचे मासे आठवावेत. मृगाचा पाऊस कोसळला की पोटात गाभोळी घेऊन ते नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात चढतात. सामनची चढण याच जातीची, फक्त ती शेकडो किलोमीटरची असते आणि प्रशांत महासागरातल्या सामनच्या प्रमुख जातींसाठी ती शेवटची असते. अंडी घातल्यावर हे मासे काही दिवसांत मरतात. अटलांटिकमधले काही सामन मात्र समुद्रात परत जाऊन पुन्हा येऊ शकतात.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली ॲडम्स नदी या विषयावर सगळ्यात जास्त शिकवते. इथे बोलतोय ती खालची ॲडम्स नदी, जेमतेम अकरा-बारा किलोमीटरची. ॲडम्स सरोवरातून निघते आणि शुस्वाप सरोवराला मिळते. तिथून पाणी थॉमसन नदीत, तिथून फ्रेझर नदीत आणि शेवटी व्हँकुव्हरजवळ समुद्रात जातं. हा प्रदेश सेक्वेपम या मूळनिवासी लोकांचा. नदीकाठच्या उद्यानाला पूर्वी रॉडरिक हेग-ब्राउन या नदीप्रेमी लेखकाचं नाव होतं. २०१८ साली त्याला सेक्वेपम भाषेतलं चूच्वेक हे नाव मिळालं.

नकाशावर ही नदी दोन सरोवरांना जोडणाऱ्या दोऱ्यासारखी दिसते, आणि तिचं भाग्य तिथेच आहे. वरचं ॲडम्स सरोवर अतिशय खोल. डोंगरातून येणारा गाळ त्यात बसतो, पुराचा जोर त्यात मुरतो आणि पाण्याचं तापमान एकदम चढत-उतरत नाही. खाली नदीला मिळतं ते निवळ, थंड, बऱ्यापैकी स्थिर पाणी. तळाशी घासून गुळगुळीत झालेले गोटे आहेत. आणि खालचं शुस्वाप सरोवर पिल्लांच्या पाळणाघराची सोय करतं. इथे येणारा सॉकाय जातीचा सामन आपलं बालपण सरोवरात काढतो, त्यामुळे अंड्यांसाठी नदी आणि पिल्लांसाठी सरोवर अशी दोन्ही घरं त्याला लागून लागून लाभली आहेत.

समुद्रातून इथवरचा प्रवास सुमारे पाचशे किलोमीटरचा. गोड्या पाण्यात शिरल्यावर सॉकाय खाणं बंद करतो. पुढची सगळी चढण अंगातल्या चरबीवर आणि स्नायूंवर होते. समुद्रात तो चंदेरी-निळा असतो. तिथे खाल्लेल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांचा लाल रंग त्याच्या मांसात साठलेला असतो. प्रवासात मांस झिजतं तसा तो रंग कातडीत उतरतो आणि मासा कुंकवासारखा लाल होतो. डोकं हिरवं पडतं. नराच्या पाठीला कुबड येतं, जबडा आकड्यासारखा वळतो. ऑक्टोबरमध्ये ॲडम्सच्या काठावर उभं राहिलं की पाण्याखालचा तळ लाल पट्ट्यांनी भरलेला दिसतो.

दरवर्षी मात्र हे दिसत नाही. ॲडम्सवर चार वर्षांतून एकदा मोठी यात्रा भरते: २०१०, २०१४, २०१८, २०२२. त्याच्या पुढच्या वर्षी बेताची गर्दी असते आणि उरलेल्या दोन वर्षांत अगदी तुरळक मासे येतात. सॉकायचं आयुष्य बहुतेक करून चार वर्षांचं असतं, म्हणून मोठ्या वर्षाची पिल्लं चार वर्षांनी मोठंच वर्ष घडवतात, इथवर सरळ आहे. मधली वर्षं भरून का येत नाहीत, यावर शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. आकड्यांची उडी किती मोठी असते ते फ्रेझर नदीच्या दोन लागोपाठच्या वर्षांत दिसलं. २००९ साली संपूर्ण फ्रेझर खोऱ्यात पंधरा लाखांच्या आसपास सॉकाय आले. हाहाकार उडाला आणि चौकशी आयोग नेमला गेला. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, तीन कोटींच्या जवळपास आले.

आता गोट्यांच्या आत डोकावूया. मादी जागा निवडते ती बहुधा डोह संपून पाणी उथळ होऊ लागतं तिथली. त्या ठिकाणी तळ हलकासा चढत असतो, त्यामुळे वाहत्या पाण्याचा काही भाग गोट्यांच्या फटींत शिरतो, तळाखालून पुढे जातो आणि उथळ खळाळाच्या शेवटी पुन्हा वर येतो. नदीखाली आणखी एक बारीक नदी वाहत असते म्हणा ना. अंड्यांना कल्ले नसतात. त्यांचा श्वास म्हणजे कवचातून झिरपणारा प्राणवायू, आणि तो ही तळाखालची धार आणून देते. तीच धार अंड्यांची घाणही वाहून नेते. चम जातीचा सामन याच्या उलट पसंती दाखवतो. जिथे जमिनीतलं पाणी तळातून वर उमळतं अशा जागा तो शोधतो, कारण झऱ्याचं पाणी हिवाळ्यात गोठत नाही.

सॉकायच्या एका मादीची अंडी तीन ते चार हजार, नारिंगी, वाटाण्याएवढी. खणताना उडालेला बारीक गाळ प्रवाहाबरोबर निघून जातो, त्यामुळे घरटं आपोआप धुतलं जातं. काही ओढ्यांत तर मासे मिळून नदीचं काम करतात. ब्रिटिश कोलंबियातल्या ओढ्यांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात तळावरून सरकणाऱ्या दगड-गोट्यांपैकी जवळपास निम्मे सामनच्या खणण्यामुळे सरकत असल्याचं दिसलं. इतक्या छोट्या प्राण्यानं नदीची घडण बदलावी, हे विलक्षण आहे.

सुरुवातीच्या आठवड्यांत अंडी फार नाजूक असतात. गोटे जरा हलले, कुणी पाण्यात उतरून घरट्यावर पाय दिला, तरी ती मरतात. थंडीत हळूहळू वाढत अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे. पुढे कवच फुटतं, पण पिल्लू वर येत नाही. पोटाला बांधलेली बलकाची शिदोरी संपेपर्यंत ते गोट्यांच्या फटींतच राहतं. शिदोरी संपली की वसंतात ते वर येतं आणि सरोवराकडे निघतं. सर्वसाधारण वर्षी दहांतल्या नऊ अंड्यांच्या नशिबी हा दिवस नसतो. सरोवरातली आणि समुद्रातली वर्षं काढून त्या हजारोंपैकी दोन मासे परतले, तरी वंश टिकला.

परतीचा रस्ता त्यांना कसा सापडतो? समुद्रातली दिशा ठरवण्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हात असावा, असं फ्रेझरच्या सॉकायच्या मासेमारीच्या ५६ वर्षांच्या नोंदींवरून २०१३ साली दाखवलं गेलं. नदीत शिरल्यावर मात्र नाक कामाला येतं. आर्थर हॅस्लर या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९४० च्या दशकात आपल्या लहानपणीच्या डोंगरात फिरताना, धबधब्याजवळच्या झाडा-मातीच्या वासानं जुन्या आठवणी उसळून आल्या, आणि माशांचंही असंच असेल का, हा प्रश्न पडला. पुढे त्यांनी आणि वॉरन विस्बी यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांवरचे कोहो जातीचे सामन पकडले, काहींच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले आणि सगळ्यांना फाट्याच्या खाली सोडलं. नाक मोकळं असलेले आपापल्या फाट्याला गेले. बोळे घातलेले गोंधळले. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तिथल्या मातीचा, खडकाचा, पाल्याचा वास असतो आणि पिल्लू तो घेऊन समुद्रात जातं.

या निष्ठेची किंमतही आहे. घरची वाट बंद झाली तर सामन सहजासहजी दुसरं घर धरत नाही.

ॲडम्स खोऱ्यातच याचा दाखला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका लाकूड कंपनीनं ॲडम्स सरोवराच्या तोंडाशी बांध घातला. पाणी तुंबवायचं आणि मग एकदम सोडून ओंडके नदीतून खाली वाहवायचे, अशी ही पद्धत. दर वेळी सुटणाऱ्या लोंढ्यानं खालच्या नदीचा तळ खरवडून निघाला. सरोवराच्या वरच्या बाजूला जी ॲडम्स नदी आहे तिकडे जाणाऱ्या सॉकायची वाट त्या बांधानं अडवली आणि त्यांचा स्वतंत्र वंश संपला. नंतर तिथे पुन्हा मासे वसवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले, पण जुनं वैभव परतलं नाही. खालची नदी वाचली.

फ्रेझर नदीच्या मुख्य दारावरही असाच घाला आला. हेल्स गेट नावाच्या अरुंद घळीत नदी दोन कड्यांमध्ये आवळली जाते. १९१३ साली रेल्वेमार्गाच्या कामात फोडलेला खडक नदीत पडला आणि १९१४ च्या फेब्रुवारीत तिथे मोठी दरड कोसळली. प्रवाह इतका जोरदार झाला की माशांना तो चढवेना. लाखो सॉकाय घळीखाली ताटकळले आणि गाभोळी पोटात घेऊनच मेले. काठावरच्या मूळनिवासी लोकांनी टोपल्यांत भरभरून मासे वर नेले. वरच्या शेकडो ओढ्यांतले गोटे जागच्या जागी होते, पाणी स्वच्छ होतं, पण तिथे पोहोचणारं कुणी नव्हतं. माशांसाठी काँक्रीटचे मार्ग बांधले गेले ते तीस वर्षांनी, १९४० च्या दशकाच्या मध्यावर.

दरड निदान दिसते. गाळ आणि ऊब यांचं नुकसान मोजायला धीर लागतो. व्हँकुव्हर बेटावरच्या कार्नेशन ओढ्यावर १९७० पासून जंगलतोडीचा माशांवर होणारा परिणाम अभ्यासला जातो आहे. झाडं तोडल्यावर सावली गेली आणि हिवाळ्यातलं पाणी किंचित उबदार झालं. ऐकायला हा फायदा वाटेल. पण अंड्यांची वाढ तापमानाच्या घड्याळावर चालते. पाणी उबदार, तर पिल्लू लवकर बाहेर. चमची पिल्लं नेहमीपेक्षा काही आठवडे आधी समुद्रात पोहोचली, तेव्हा त्यांच्यासाठीचं अन्न तिथे तयार नव्हतं. जोडीला काठ ढासळून तळाचे गोटे हलले, वाळू फटींत शिरली. एक-दोन अंशांच्या फरकानं एवढं घडतं, हे लाकडाच्या हिशेबात कुणी धरलेलं नसतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर शास्ता धरणानं (१९४५) हिवाळी चिनूक सामनची डोंगरातली थंड ठिकाणं कायमची तोडली. आता हे मासे धरणांखालच्या तापलेल्या खोऱ्यात अंडी घालतात आणि धरणातून थंड पाणी सुटेल तेवढ्यावर जगतात. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात ते पाणी पुरलं नाही आणि बहुतेक सगळी अंडी-पिल्लं दगावली. शिवाय धरणामागे नदीचे गोटेही अडकतात. म्हणून सरकारी यंत्रणेला धरणांखाली खडी आणून नदीत ओतावी लागते. ब्रिटिश कोलंबियातल्या वीव्हर ओढ्याजवळ १९६५ पासून सुमारे तीन किलोमीटरचा वळणावळणाचा कालवा आहे; त्यात मापाची खडी पसरून, पाणी नियंत्रित ठेवून सामनसाठी कृत्रिम तळ केला आहे. तो उपयोगी आहे. पण माणसानं केलेली खडी माणसालाच साफ ठेवावी लागते, आणि एका कालव्यानं एका नदीखोऱ्याची भरपाई होत नाही.

सिएटल शहरानं तर ओढे सुधारून पाहिले. झाडं लावली, गोटे टाकले, कोहो परतही आले, आणि पावसाच्या दिवसांत काही तासांत तडफडून मेले. मेलेल्या माद्यांच्या पोटात गाभोळी तशीच भरलेली होती. कारण सापडायला वीस वर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात घालतात त्या रसायनाची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन एक विष तयार होतं, आणि ते रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. टायर बनवणाऱ्यांनी पर्याय शोधायला हवा. तोवर रस्त्याचं पाणी मातीतून गाळून ओढ्यात सोडलं तरी कोहो वाचतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

नदीला तिचा तळ परत देता येतो का, याचं सगळ्यात मोठं उत्तर वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीनं दिलं. ही ऑलिंपिक डोंगरातून समुद्राकडे जाणारी सुमारे सत्तर किलोमीटरची नदी, एके काळी पन्नास किलोच्या जवळ जाणाऱ्या चिनूकसाठी प्रसिद्ध. १९१३ मध्ये तिच्या मुखापासून आठ किलोमीटरवर धरण उभं राहिलं, १९२७ मध्ये त्याच्या वर दुसरं. राज्याच्या कायद्यानं माशांना वाट ठेवणं तेव्हाही बंधनकारक होतं. ती ठेवली गेली नाही. त्याऐवजी मत्स्यबीज केंद्र काढण्याची तडजोड झाली आणि ते केंद्रही १९२२ मध्ये बंद पडलं. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या क्लालम लोकांची मासेमारी आणि त्यांची पवित्र जागा पाण्याखाली आणि कागदाखाली गाडली गेली. धरणाखाली उरलेल्या आठ किलोमीटरांतही अडचण होती. वरून गोटे येणं थांबलं, होते ते पूर घेऊन गेला, आणि तळाशी माशाला हलवता न येणारे धोंडे उरले.

१९९२ साली अमेरिकी संसदेनं नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. पाडकाम सुरू व्हायला २०११ उजाडलं. दोन्ही धरणांमागे दोन कोटी घनमीटरच्या आसपास गाळ, वाळू आणि गोटे साठले होते. धरणं टप्प्याटप्प्यानं उतरवली, नदी काही वर्षं कॉफीसारखी गढूळ वाहिली, आणि साठलेल्यातलं बरंचसं खाली आलं. गाळ समुद्रात गेला, मुखाशी नवा किनारा तयार झाला, गोटे नदीच्या तळाशी बसले. खालचं धरण २०१२ च्या मार्चमध्ये संपलं. ऑगस्टमध्येच त्याच्या वर, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, चिनूक पोहताना दिसले. वरच्या धरणाचा शेवटचा भाग २०१४ च्या ऑगस्टमध्ये उडवला.

मासे परतले की जंगलालाही वाटा मिळतो. टॉम रायमचेन या शास्त्रज्ञानं ब्रिटिश कोलंबियात दाखवलं आहे की अस्वलं सामन उचलून झाडीत नेतात, अर्धवट खातात, आणि उरलेल्यातला समुद्री नत्र झाडांच्या खोडात उतरतो. नदीतच सडलेल्या माशांवर पाणकिडे पोसतात, आणि त्या पाणकिड्यांवर पुढच्या वर्षीची पिल्लं.

एल्वावर पाडकामाआधीच मासेमारीला बंदी घातली होती. चिनूकची वाढ हळू आहे, काही जाती अजून सावरायच्या आहेत, आणि नदी खुली झाल्याबरोबर सगळं पूर्ववत झालं असं कुणी म्हणू नये. पण शंभर वर्षं धरणामागे अडकलेले गोटे नदीनं अवघ्या काही वर्षांत आपापल्या जागी नेऊन ठेवले, आणि मासे त्यांच्यापर्यंत स्वतः चढून गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लालम लोकांनी त्या मोकळ्या नदीत आपल्या समारंभांसाठी आणि घरच्या चुलीसाठी कोहो पकडले. धरणं पाडल्यानंतरची एल्वावरची ही पहिली मासेमारी होती.